मे महिना डोळ्यांसमोर ठेवून घर बघा: नागपूरजवळ वन बीएचके किरायाने घेताना

कामठी, वाडी, हिंगणा, बुटीबोरी या भागांत वन बीएचके शहरापेक्षा स्वस्तात मिळतो, पण वाचलेले पैसे टँकरवर, विजेच्या बिलावर आणि पेट्रोलवर कधी गेले ते कळत नाही. बहुतेक जण घर बघतात दिवाळीनंतर, गारव्यात. तेव्हा कोणतंही घर चांगलंच वाटतं.

आधी जाण्या-येण्याचं बघा. हिंगण्याच्या बाजूने मेट्रो लोकमान्य नगरला मिळते, बुटीबोरीच्या बाजूने खापरीला, कामठीच्या बाजूने ऑटोमोटिव्ह चौकात. दुसऱ्या टप्प्यात हिंगणा, बुटीबोरी आणि कन्हानपर्यंत मार्ग आखले आहेत, आणि त्याच नावाखाली आजच किराया वाढवून मागणारे भेटतात. गाडी धावत नाही तोवर त्याचे पैसे कशाला द्यायचे? स्टेशनपर्यंत ऑटो मिळतो का, रात्रपाळीनंतर मिळतो का, ते स्वतः जाऊन बघा.

घर बघायला दुपारी चारनंतर जा. वरचा मजला असेल तर छताखालच्या भिंतीला आणि पश्चिमेच्या भिंतीला हात लावा. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की अशा खोलीत पंखा फक्त गरम हवा फिरवतो. तीन मजली इमारतीत मधला मजला मिळाला तर थोडा किराया जास्त द्यायला हरकत नाही. वरचाच घ्यायचा असेल तर उन्हाळ्याआधी गच्चीवर चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग कोण मारणार, ते आधी ठरवा.

मग कूलरची जागा. कूलर ओल्या ताट्यांमधून (बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांमधून) बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, त्यामुळे तो खिडकीबाहेर ठेवावा लागतो आणि आत आलेली हवा निघून जायला समोरच्या बाजूला दार किंवा खिडकी उघडी हवी. एकाच बाजूने खिडक्या असलेल्या घरात तासाभरात दमटपणा साचतो, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरला दोष देतात. लोखंडी कूलरच्या टाकीत साठ ते शंभर लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो वजन. ते बाल्कनीच्या कठड्यावर पेलायचं नाही. खाली अँगलचा स्टँड हवा. खिडकीची जाळी कापायची परवानगी, स्टँडचा खर्च आणि कूलरसाठी वेगळा प्लग पॉइंट, तिन्ही गोष्टी टोकन (घर पक्कं करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी बोलून घ्या. मे महिन्यात टाकी दिवसातून एकदा, कधी दोनदा भरावी लागते, म्हणून खिडकीपर्यंत पाइप पोचेल असा नळही शोधून ठेवा.

पाण्याबद्दल ‘चोवीस तास आहे’ या उत्तरावर थांबू नका. नळ कोणता, नगर परिषदेचा, ग्रामपंचायतीचा की बोअरचा? नळ किती वाजता येतो, टाकी किती लिटरची, किती घरांत वाटली जाते, मोटर कोण चालू करतो? एप्रिल-मेमध्ये बोअर आटते का, हे घरमालकाला नको, शेजारच्या किरायादाराला विचारा. बोअरचं पाणी जड असेल तर नळांच्या तोंडाशी आणि बाथरूमच्या फरशीवर पांढरा थर दिसेल. अशा पाण्याने कूलरच्या ताट्या आणि गिझरची कॉइल लवकर खराब होते. टँकर आलाच तर पैसे कोण देणार, ते करारात लिहा.

विजेचं मीटर वेगळं आहे का ते न बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. महावितरणचा घरगुती दर महिन्याच्या वापराप्रमाणे टप्प्यांनी चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, मग ३०० पर्यंत महाग, ५०० पर्यंत आणखी महाग. दोन कुटुंबं प्रत्येकी २५० युनिटं वापरत असतील आणि मीटर वेगळी असतील, तर तिसऱ्या टप्प्यात कोणीच जात नाही. तेच एका मीटरवर असतील तर एकूण ५०० होतात आणि त्यातली २०० युनिटं तिसऱ्या टप्प्याच्या दराने लागतात. २०० वॉटचा कूलर रोज सोळा तास चालला तरी महिन्याला शंभरच्या आसपास युनिटं होतात. म्हणून स्वतंत्र मीटर असलेलं घर थोडं महाग पडलं तरी चालेल. सबमीटर (घरमालकाच्या मीटरपुढे लावलेलं खासगी मीटर) असेल तर प्रत्येक युनिटला ठरवलेल्या एकाच ठोक दराला हो म्हणू नका; मूळ बिल दर महिन्याला बघायला मिळेल असं ठरवा. राहायला जाण्याआधी ग्राहक क्रमांकावरून जुनी थकबाकी तपासा.

नव्या ले-आउटमध्ये काळ्या मातीवर उथळ पाया घातलेली घरं असतात. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. रंगाखाली दडवलेल्या भेगांतून पावसात ओल येते.

करारावर इथे बरेच जण ‘अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे’ म्हणतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर राहायला देण्याचा करार) कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. मुद्रांक शुल्क असं निघतं: एकूण किराया अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. ७,००० किराया, १५,००० डिपॉझिट, अकरा महिने धरले तर ते दोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी शुल्क नगर परिषद किंवा महापालिकेच्या हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. काम ऑनलाइन होतं. एजंट घेतो ती त्याची वेगळी फी. हा खर्च निम्मा-निम्मा करायचा तर आधीच बोला.

करारात नोटिसची मुदत, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, आणि पंखे, ट्यूबलाइट, गिझर यांची संख्या लिहून घ्या. चावी हातात आली त्याच दिवशी मीटरच्या रीडिंगचा, भेगांचा आणि फुटक्या टाइल्सचा फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. डिपॉझिट मात्र रोख देऊ नका, खात्यावरून द्या.