समुद्रावरील सर्वेक्षणात या चुका टाळा

समुद्री सस्तन प्राणी आणि समुद्रपक्षी मोजण्यासाठी प्रथमच बोटीवर चढणाऱ्यांच्या नोंदवहीत दिसलेल्या प्राण्यांच्या नोंदी भरपूर असतात, पण काहीच न दिसलेल्या तासांचा मागमूस नसतो. एका मोहिमेत मी नोंदवही एका उत्साही सहकाऱ्याकडे सोपवली होती. परतल्यावर तिसऱ्या दिवसाचे पान उघडले, तर सकाळी पॉर्पॉइजच्या (डॉल्फिनसारखा दिसणारा छोटा समुद्री सस्तन प्राणी) चार नोंदी होत्या आणि दुपार कोरी होती. वारा वाढून लाटांवर फेस आल्यामुळे प्राणी दिसले नाहीत, निरीक्षक जेवायला उठले होते, की तेथे प्राणी नव्हतेच, हे त्या पानावरून कळेना, म्हणून ती संपूर्ण दुपार विश्लेषणातून वगळावी लागली. ‘दिसलेच नाही, तर लिहायचे काय?’ असे तो निरागसपणे म्हणाला. पॉर्पॉइज श्वास घेण्यापुरता क्षणभर वर येतो आणि वारा व लाटांचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनश्रेणीवर 2 च्या पुढे तो नजरेतून सहज निसटतो. त्यामुळे शांत पाण्यातील शून्य आणि खवळलेल्या पाण्यातील शून्य यांची किंमत एक नसते. प्राणी दिसो वा न दिसो, मी दर पंधरा मिनिटांनी वेळ, सागरस्थिती, पाण्यावरील चकाकी आणि पहाऱ्यावर कोण आहे, हे पेन्सिलीने लिहितो. बोटीचा मार्ग ॲप नोंदवते, हे खरे. पण त्या वेळी कोणी दुर्बीण डोळ्यांना लावली होती की नाही, हे त्याला कळत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत घाईची खोड वेगळी असते. बोटीलगत मोजणीसाठी ठरवलेल्या 300 मीटर रुंदीच्या पट्ट्यातून उडत जाणारा प्रत्येक पक्षी सलग मोजत राहिल्यास घनता, म्हणजे ठरावीक क्षेत्रातील पक्ष्यांची संख्या, फुगते, कारण पक्षी बोटीपेक्षा वेगाने पट्टा ओलांडत असतात. उडणारे पक्षी ठरावीक क्षणीच मोजावेत. 10 नॉट वेगाने बोट मिनिटाला सुमारे 309 मीटर जाते, म्हणून 300 मीटर पुढेपर्यंत पाहणाऱ्याला दर मिनिटाला एक क्षण पुरतो. पाण्यावर बसलेले पक्षी मात्र सलग मोजावेत आणि बोटीमागे लागलेले वेगळे लिहावेत.

बोटीपासून प्राण्यांपर्यंतची नोंदवलेली सर्व अंतरे 100, 200 आणि 500 मीटर अशीच निघाली, तर तो अंदाज नसून आळस आहे. ओळख पटवण्यासाठी डॉल्फिनच्या पाठीवरील पराचे छायाचित्र दोन्ही बाजूंनी घ्यावे, आणि केवळ खाचा असलेले देखणे परच टिपू नयेत, कारण अशाने खुणा असलेल्यांचे प्रमाण चुकते. कॅमेऱ्याचे घड्याळ रोज सकाळी जीपीएसशी जुळवावे. माझ्या प्रत्येक दिवसाचे पहिले छायाचित्र जीपीएसच्या पडद्याचेच असते.