सोलरवरच्या रास्पबेरी पायची वीज कशी वाचवाल

रास्पबेरी पाय (पुढे नुसता ‘पाय’) म्हणजे तळहातावर मावणारा संगणक. तो सोलर आणि बॅटरीवर चालवायचा तर आधी वीज मोजा, आणि मीटर लावा तो बॅटरीच्या बाजूला. पायच्या यूएसबी केबलवर मोजलं तर बॅटरीचे १२ व्होल्ट पायच्या ५ व्होल्टवर उतरवणारा कन्व्हर्टर खातो ती वीज दिसतच नाही.

पाय ४ हे मॉडेल नुसतं बसून साधारण ३ वॅट घेतं, म्हणजे दिवसाला ७२ वॅट-तास. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत ८४ वॅट-तास असतात, त्यातले निम्मेच वापरावेत. गणित तिथेच फसतं. तापमान, आर्द्रता नोंदवण्याएवढंच काम असेल तर पायचंच छोटं मॉडेल, झिरो २ डब्ल्यू, घ्या. ते रिकामं असताना एक वॅटच्या आत राहतं. बोर्ड बदलण्याएवढी बचत कुठल्याही सेटिंगने होत नाही.

दुसरा चोर म्हणजे ७८०५ रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी साधी चिप. १२ चे ५ व्होल्ट करताना तो निम्म्याहून जास्त वीज उष्णतेत घालवतो. त्याजागी बक कन्व्हर्टर लावा, तो फारशी उष्णता न करता व्होल्टेज उतरवतो. पाच व्होल्टची केबल आखूड, जाड ठेवा, पायवर ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की अंडरव्होल्टेजचा इशारा येतो, मग अचानक रीस्टार्ट आणि खराब झालेलं मेमरी कार्ड.

ऑपरेटिंग सिस्टिमची डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती टाका, ब्लूटूथ बंद करा. एलईडी विझवून मिळतं ते चिल्लर.

खरी बचत झोपवण्यात आहे. पण पाय ४ शटडाउननंतरही वीज ओढत राहतो. त्यामुळे घड्याळाची चिप असलेला टायमर बोर्ड लावून पुरवठाच तोडा, मात्र शटडाउन पूर्ण झाल्यावरच. तासातून दोन मिनिटं चालू ठेवलं तर पावसाळ्यातले ढगाळ दिवसही निभतात.