लॅपटॉप विकण्याआधी: फॉरमॅट करूनही फोटो परत येत होते

नौपाड्यातल्या घरातला जुना लॅपटॉप (विंडोज १०, ५०० जीबी हार्ड डिस्क) विकायचा होता. शिफ्ट-डिलीट केलं, डी ड्राइव्हला क्विक फॉरमॅट मारला. भाच्याने रेकुवा (डिलीट झालेल्या फाइल्स परत मिळवून देणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तर बाबांच्या पॅन कार्डाचा स्कॅन समोर हजर! क्विक फॉरमॅट फक्त फाइल्सची यादी पुसतो, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. दोन रविवार यातच गेले.

शेवटी जमलं ते असं. आधी बॅकअप, मग चार्जर लावून सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, गेट स्टार्टेड. तिथे रिमूव्ह एव्हरीथिंग, मग लोकल रीइन्स्टॉल. यानंतरच्या पडद्यावर लगेच नेक्स्ट दाबू नका, मी आधी तिथेच चुकलो होतो. चेंज सेटिंग्ज उघडून क्लीन डेटा ऑन करा, डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज हेही ऑन. कन्फर्म, नेक्स्ट, रीसेट. रात्री लावलं, सकाळी चहाच्या वेळी देश निवडायचा पडदा आला. तिथेच पॉवर बटण दाबून बंद केला.

डिस्क काढून यूएसबीने भाच्याच्या संगणकाला जोडली, पुन्हा रेकुवा चालवलं. आमची एकही फाइल सापडली नाही.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी (चिपवर डेटा साठवणारा ड्राइव्ह) असेल तर मात्र आधी पूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट करून (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून) मग रीसेट करा; तिथे नुसत्या पुसण्यावर भरवसा ठेवता येत नाही.