स्काउट पथकाचं सेवाकार्य मुलांनाच कसं ठरवू द्यायचं

शाळेत भारत स्काउट्स आणि गाइड्सचं पथक चालवताय ना, मग सेवाकार्य कोणतं ते सरांनी आधीच ठरवून टाकू नका. 6 ते 8 जणांचा एकेक संघ करा, संघनायकाला सांगा पोरांना घेऊन गावात अर्धा तास फिरून ये आणि काय खटकलं ते वहीत लिहून आण. आमच्या पोरांनी लिहिलं, एसटी स्टँडवरचा पाण्याचा माठ उघडाच असतो आणि ओगराळं नाही म्हणून लोक पेला धरून हातच बुडवतात. माझ्या डोक्यात झाडं लावायचं होतं पण मतं घेतली तर माठ निघाला, मग ‘खरी कमाई’त, म्हणजे पोरांनी छोटी कामं करून स्वतः मिळवलेल्या पैशातून झाकण नि लांब दांड्याचं ओगराळं आणलं आणि रोज माठ घासून कोण भरणार त्याच्या पाळ्या लावल्या. पाळ्या लावायचं अजिबात चुकवू नका, एक दिवस फोटो काढून सोडून दिलं तर मुलं काहीच शिकत नाहीत हो.

आणि स्काउटचं वचन, म्हणजे शपथ, देताना ‘ईश्वर’ऐवजी ‘धर्म’ म्हणायची मुभा नियमातच आहे, ते प्रत्येकाला आधी नीट सांगा, घरी बोलून येऊ दे.