येऊरच्या जंगलात पहिल्यांदा जाताना

बहुतेक ठाणेकरांचं येऊर हॉटेलांपाशी संपतं. खरं जंगल त्याच्यापुढे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं रान, त्याची ही ठाण्याकडची बाजू.

आधी महिना ठरवा. पावसाळ्यात सगळेच जातात, पण पहिल्या फेरीसाठी मी फेब्रुवारी-मार्च सांगेन. सागाची पानं गळालेली असतात, त्यामुळे पक्षी लपत नाहीत. पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात आणि त्यांच्यावर मैना, कोतवाल, सूर्यपक्ष्यांची झुंबड उडते. फुललेल्या एका सावरीखाली अर्धा तास उभं राहिलात, तर दोन तास भटकून दिसणार नाही एवढं दिसेल.

उजाडता उजाडता पायथ्याशी पोचा. स्टेशनवरून रिक्षा मिळते. वनखात्याच्या चौकीवर चौकशी करून, परवानगी घेऊनच पुढे जा, आणि कुठल्या वाटेला जायची मुभा आहे ते तिथेच विचारून घ्या. कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे हवेत. पायात बूट हवेत, पावसाळा सरताना गवतात गोचिडी असतात. पाणी, दुर्बीण, छोटी वही बरोबर असू द्या. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडांना काही देऊ नका. स्पीकर तर आणूच नका.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं नुसते उभे राहा. कान जंगलाला सरावले की आवाज वेगळे होतात: तांबटाचं एकसुरी ‘टुक टुक’, भृंगराज पक्ष्याने केलेल्या इतर पक्ष्यांच्या नकला. मग झाडांकडे वळा. पांढरट, गुळगुळीत खोडाचा कांडोळ आधी ओळखायला शिका, एकदा पाहिला की विसरत नाही. उतारावर कारवी दिसेल. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. इथे २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये, म्हणजे पुढची पाळी २०३२ची.

हा बिबट्याचा मुलूख आहे. एकटे जाऊ नका, मुलांना पुढे धावू देऊ नका, अंधार पडायच्या बऱ्याच आधी बाहेर या. समोर आलाच तर पळू नका. लहान मूल उचलून घ्या, बिबट्याला वाट मोकळी ठेवा आणि हळूहळू मागे सरका. इथले वारली वाघोबाला देव मानतात. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडी वाघोबा दिसला, तर चपला घालून जवळ जाऊ नका, हातही लावू नका.

पाड्यांमधून जाताना कुणाच्या अंगणात विचारल्याशिवाय फोटो काढू नका. परतताना, जून लागला असेल आणि वाटेत कुणी मावशी रानभाजी घेऊन बसल्या असतील, तर शेवळं जरूर घ्या. सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळंही मागून घ्या, ती भाजीत घातली नाहीत तर घशाला खाज सुटते.