‘शरीरातल्याच प्रोटीनने कॅन्सर मरतो’ असा फॉरवर्ड आला तर तो कसा वाचायचा

मागच्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर मावशीने टाकलं, आईच्या दुधातलं प्रोटीन कॅन्सर मारतं, आणि लगेच खाली मामा, मग दूध कुठून आणायचं? हसू नका, मामाच्या शेजाऱ्यांना ब्लॅडरचा, म्हणजे मूत्राशयाचा कॅन्सर आहे, त्याने सिरियसलीच विचारलेलं.

तर पहिलं बघायचं ते कॅन्सर मेला कुठे? काचेच्या डिशमध्ये, उंदरात का माणसात? दुधाची गोष्ट मुळात खरीये. 1995 ची, स्वीडनमधल्या लुंड युनिव्हर्सिटीतली. कॅथरिना स्वानबोर्ग यांची टीम आईचं दूध जंतूंना कसं अडवतं ते बघत होती आणि प्रयोगाला घेतलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशीच पटापट मरायला लागल्या. म्हणजे डिशमध्ये. आणि मारणारी गोष्ट दुधात आयती नसते हो, अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन नावाच्या प्रोटीनमधलं कॅल्शियम काढून त्याची घडी सैल करायची आणि त्याला ओलेइक ॲसिड जोडायचं, मग ते होतं ‘हॅम्लेट’.

दुसरं, ते शरीरात जातं कसं? प्रोटीन प्यायलं की पोटात त्याचं वरणासारखंच पचन होतं, त्यामुळे ‘रोज एक ग्लास’ लिहिलेलं असेल तर पुढे वाचूच नका. हॅम्लेट पेशंटना दिलं तेव्हा नळीने थेट ब्लॅडरमध्ये सोडलं, 2007 मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात पेशंट किती, तर 9. हा आकडा शोधायची सवय लावा, फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो.

उंदरांवरून तर फारच फसगत होते. 1998 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर एंडोस्टॅटिनची बातमी आली, हेही आपल्या शरीरातलंच प्रोटीन, उंदरांत गाठीचा रक्तपुरवठा तोडून ती आटवणारं, ज्युडा फोकमन यांच्या लॅबमधलं, आणि दुसऱ्या दिवशी ते बनवणाऱ्या कंपनीचा 12 डॉलरचा शेअर 85 ला उघडला! अमेरिकेत माणसांवर ट्रायल झाली तेव्हा उंदरांसारखं काही घडलं नाही. (चीनमध्ये त्याचा थोडा बदललेला प्रकार 2005 ला फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी केमोसोबत मंजूर झाला, म्हणजे अगदीच वाया गेलं असं नाही.)

‘नैसर्गिक म्हणजे साइड इफेक्ट नाही’ हे वाक्य दिसलं तर मला रागच येतो. इंटरल्युकिन-2 हे प्रोटीन आपल्याच पांढऱ्या पेशी बनवतात, शरीरात पसरलेल्या किडनी कॅन्सरसाठी ते 1992 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, काही थोडे पेशंट त्याने वर्षानुवर्षं ठणठणीत राहिले, पण मोठ्या डोसला रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, बीपी कोसळतं, अंग सुजतं, पेशंटला आयसीयूसारखं नजरेखाली ठेवावं लागतं. आणि सापडलं म्हणजे लगेच औषध झालं असंही नसतं, इंटरफेरॉन हे शरीरातलंच आणखी एक प्रोटीन 1957 ला सापडलं आणि कॅन्सरचं औषध म्हणून 1986 ला मंजूर झालं, मध्ये 29 वर्षं गेली.

एवढं करून बातमीत दम वाटला तर सीटीआरआय ही सरकारी साइट उघडा, भारतातल्या ट्रायल तिथे नोंदवलेल्या असतात, नाव सापडलं तर प्रिंट काढून ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा. कोणी त्याच प्रोटीनची पावडर विकत असेल तर सरळ ब्लॉक.

मामाला म्हटलं, शेजाऱ्यांना डॉक्टरांनी बीसीजी, म्हणजे टीबीची लस सांगितलीय ना, तेही नळीनेच ब्लॅडरमध्ये सोडतात आणि त्याने चिडून ब्लॅडर स्वतःच इंटरल्युकिन-2, इंटरफेरॉन असली प्रोटीन सोडायला लागतं, तर दूध राहू दे, तू त्यांना पुढच्या डोसला गाडीने घेऊन जा.