मार्गळीतले चेन्नई: कचेरी, पंगत आणि कॉफी यांचा मेळ कसा घालावा

पुण्याच्या सवाईला वर्षानुवर्षे हजेरी लावणाऱ्या कितीतरी रसिकांनी चेन्नईचा डिसेंबर, म्हणजे तिथला कर्नाटक संगीताचा मोठा हंगाम, एकदाही अनुभवलेला नसतो. कर्नाटक संगीत आपल्याला कळणार नाही, तिथली भाषा येत नाही आणि नुसत्या इडली-सांबारावर दिवस काढावे लागतील, अशी तीन कारणे सहसा ऐकू येतात. या तिन्हींमध्ये तथ्य फार थोडे आहे. मात्र तिथे जाऊन नेमके कुठे बसावे, केव्हा उठावे आणि केव्हा जेवावे हे आधी ठाऊक नसेल, तर पहिले दोन दिवस चाचपडण्यात जातात. ते वाचावेत, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

प्रथम काळ ठरवावा. तमिळ सौर पंचांगातला मार्गळी महिना साधारण १६ डिसेंबरला लागतो आणि संक्रांतीपाशी संपतो, म्हणजे तो आपला धनुर्मासच होय. आपल्याकडे धुंधुरमासात पहाटे उठून मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी यांचा नैवेद्य दाखवून सूर्य वर येण्याच्या सुमारास जेवण्याची रीत आहे. तिथेही पहाटेच देवळात आंडाळ या संत कवयित्रीची तिरुप्पावै म्हटली जाते, तीस दिवसांना तिची तीस कडवी, आणि हातावर प्रसाद पडतो तो वेण्पोंगलचा: तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून वर तुपात परतलेले मिरे, जिरे आणि काजू घातलेला. त्याचा पहिला घास घेताच आपल्या खिचडीची आठवण होते. या महिन्यात गाणे आणि खाणे शेजारी नांदते ते असे मुळापासून.

संगीताचा मुख्य हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून १ जानेवारीपर्यंतचा असतो, जरी काही संस्था नोव्हेंबरअखेरच सुरुवात करतात. कार्यक्रम भरवणाऱ्या संस्थेला तिथे ‘सभा’ म्हणतात आणि मैफलीला ‘कचेरी’. आपल्या कानाला कचेरी म्हणजे सरकारी कार्यालय वाटते, पण दोन दिवसांत हा शब्द अंगवळणी पडतो. सर्वांत मानाची सभा म्हणजे म्युझिक अकॅडमी. १९२७ साली मद्रासला काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याच्या जोडीने झालेल्या संगीत परिषदेतून पुढच्या वर्षी ही संस्था उभी राहिली. ‘संगीत कलानिधी’ हा तिचा सन्मान कर्नाटक संगीतात सर्वोच्च मानला जातो, आणि १९६८ मध्ये एम. एस. सुब्बुलक्ष्मी तो मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री कलावंत ठरल्या. अकॅडमीपासून जवळच टी. टी. के. रस्त्यावर नारद गान सभा आहे, मैलापुरात मैलापूर फाइन आर्ट्स क्लब आणि रसिक रंजनी सभा आहेत, त्यागराय नगरात कृष्ण गान सभा आणि वाणी महाल आहेत. यादी याहून बरीच लांबते, पण पहिल्या खेपेला इतकी नावे पुरेत.

मुक्काम मैलापूर किंवा आळवारपेट भागातच करावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यागराय नगरात खरेदीची सोय आहे आणि हॉटेलेही पुष्कळ आहेत, परंतु संध्याकाळच्या वाहतुकीत तिथून अकॅडमी गाठताना निम्मा जीव रस्त्यातच जातो. मैलापुरात राहिले म्हणजे पहाटे कापालीश्वराच्या देवळाभोवतीच्या माड वीथींमधून फिरणारी भजनाची दिंडी चालत जाऊन ऐकता येते. रचनाकार पापनाशम् शिवन यांनी अनेक वर्षे या भजनाचे नेतृत्व केले होते आणि ती परंपरा आजही चालू आहे. त्यासाठी लवकर उठण्याची तयारी मात्र हवी.

तिकिटांचे गणित समजून घेतले की खर्च आणि धावपळ दोन्ही आटोक्यात राहतात. सकाळच्या आणि दुपारच्या बहुतेक कचेऱ्यांना तिकीट नसते, तिथे तरुण कलावंत गातात आणि सभागृहात हवी ती खुर्ची मिळते. दुपारी चारच्या आणि संध्याकाळी साडेसहा-सातच्या कचेऱ्यांना तिकीट लागते. मोठ्या नावांची पुढची तिकिटे हंगामाआधीच संपतात, तरी सकाळी लवकर रांगेत उभे राहणाऱ्याला त्या दिवसाची काही तिकिटे मिळण्याची शक्यता असते. भारतीय विद्या भवनाचे मैलापुरातले सभागृह देवळाच्या अगदी जवळ आहे आणि तिथे विनाशुल्क कचेऱ्या होतात. अकॅडमीत सकाळी आठच्या सुमारास सप्रयोग व्याख्याने भरतात. कर्नाटक संगीत समजून घ्यायचे असेल, तर त्यांतले निदान एक ऐकावे.

दिवसाला दोन कचेऱ्या, फार तर तीन, इतकीच मर्यादा ठेवावी. पहिल्या वर्षी मी चार-चार कचेऱ्यांचा बेत केला होता आणि तिसऱ्या दिवशी एका थोर गायिकेचा तोडी कानावर पडत असूनही मनात शिरेना. कान थकतो, हे आपण विसरतो. शिवाय सभागृहांतली वातानुकूलन यंत्रे इतकी गार असतात की बाहेर घाम येत असला तरी आत शाल लागतेच. पिशवीत एक शाल आणि एक छत्री ठेवावी, कारण ईशान्य मोसमी पावसाची सर डिसेंबरातही अचानक येते.

आता कॅन्टीन. चेन्नईत सभेचे कॅन्टीन ही मध्यंतरात वडा मिळण्याची जागा नाही. हंगामापुरता मांडव घालून नामांकित आचाऱ्यांना तिथे पाचारण केले जाते, कोणत्या सभेला कोणाचे कॅन्टीन आहे याची चर्चा कलावंतांच्या यादीइतकीच रंगते, आणि गाण्याचे तिकीट नसले तरी तिथे जेवायला कोणाची हरकत नसते. सकाळी इडली, पोंगल, मेदूवडा. दुपारी केळीच्या पानावर पूर्ण जेवण. संध्याकाळी टिफिन, ज्यात मिश्र डाळींचा जाडसर अडै आणि त्याच्यासोबत अवियल (नारळ-दह्यातली मिश्र भाजी), रवा दोसै, पालेभाजीचे वडे असे रोज बदलणारे पदार्थ असतात. गोडात कोहळ्याचा ‘काशी हलवा’ आणि मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ मिळाला तर सोडू नये. अशोका मूळचा तिरुवैयारूचा, म्हणजे ज्या गावी थोर रचनाकार त्यागराज राहिले आणि गायले, त्या कावेरीकाठच्या गावचा.

वेळ साधणे इथे महत्त्वाचे आहे. चारची कचेरी सुटली की सगळे सभागृह एकदम कॅन्टीनकडे लोटते आणि साडेसहाच्या आत खाऊन आत पोहोचणे अवघड होते. म्हणून ज्या दिवशी संध्याकाळची कचेरी मोठी असेल, त्या दिवशी चारची सोडून द्यावी, पाचला निवांत टिफिन करावा आणि सहाला खुर्ची धरावी. दुपारच्या पानासाठी साडेअकराला गेल्यास पहिल्या पंगतीत जागा मिळते.

पानाचा शिरस्ता आपल्याहून थोडा निराळा आहे. पानाचे निमुळते टोक डावीकडे येते. पाणी शिंपडून पान पुसून घ्यावे. प्रथम भातावर साधे वरण आणि तूप, मग सांबार किंवा चिंचेचे दाट कुळंबू, त्यानंतर रसम, जे आपल्या सारासारखे पातळ असते पण मिऱ्याने चांगले झणझणते, मग पायसम् आणि अखेरीस ताकभात किंवा दहीभात. वाढपी वेगाने येतात आणि तुमच्याकडे न पाहता वाढत जातात. नको असेल तर पानावर हात आडवा धरावा. दहीभाताला फाटा देऊन उठू नये, कारण त्याखेरीज जेवण पुरे झाले असे तिथे कोणी मानत नाही. उठताना पानाची वरची बाजू आपल्याकडे दुमडावी.

भाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. वाढप्याला ‘कम्मी’ किंवा ‘जास्ती’ म्हटले की तो समजतो, कारण हे दोन्ही शब्द तमिळ बोलण्यात सर्रास आहेत. तंजावरला मराठ्यांचे राज्य पावणेदोनशे वर्षे होते आणि त्याच्या खुणा ताटात आजही सापडतात. डाळ-काकडीची ‘कोसुमल्ली’ म्हणजे आपली कोशिंबीर हे ऐकताच कळते. पश्चिम मांबलमच्या दुकानांत तव्यावरून थेट हातात येणारी ‘बोळी’ ही पुरणपोळीच आहे, फक्त तिचे पुरण कधी डाळीचे असते आणि कधी नारळाचे.

कॉफीला ‘शुगर कम्मी’ सांगितली तरच साखर बेताची मिळते. पितळी किंवा स्टीलच्या गाळणीतून थेंबथेंब उतरलेला काढा, ज्याला तिथे डिकॉक्शन म्हणतात, तो पेल्यात आधी ओततात, त्यावर उकळते दूध घालतात आणि उंचावरून धार सोडून फेस आणतात. पेला खोलगट वाटीत, म्हणजे दबऱ्यात, ठेवून समोर येतो. कॉफी दबऱ्यात ओतावी, पुन्हा पेल्यात ओतावी, दोन-तीनदा असे केले की ती पिण्याजोगी होते आणि फेसही टिकतो. कॉफीखेरीज काही हवे असेल, तर देवळाजवळच्या काळत्ती या जुन्या दुकानातले रोझमिल्क दुपारच्या उन्हात फार बरे वाटते. सकाळच्या न्याहारीसाठी मैलापुरातलेच रायर मेस गाठावे. जागा लहान असल्याने थोडे थांबावे लागते, पण तिथली इडली आणि घट्ट चटणी त्या थांबण्याच्या मोलाची आहे. तिरुवल्लिक्केणीच्या रत्ना कॅफेत इडली सांबारात अक्षरशः बुडवून देतात. अकॅडमीपासून थोड्या अंतरावर जे सेम्मोळी पूंगा उद्यान आहे, तिथे पूर्वी वुडलँड्स ड्राइव्ह-इन होते. गाडीत बसून दोसा खाण्याची ती जागा २००८ साली बंद झाली, त्याची हळहळ जुन्या रसिकांच्या बोलण्यातून अजून ऐकू येते.

आता प्रत्यक्ष ऐकण्याविषयी. हिंदुस्थानी मैफलीत एक राग तासभर उलगडतो. कचेरीत दोन-अडीच तासांत सात-आठ रचना होतात. आजचा हा बांधा गायक अरियक्कुडी रामानुज अय्यंगार यांनी रूढ केला असे मानतात. सुरुवातीला वर्णम् ही रागाची ओळख करून देणारी रचना, मग लहान कृती, म्हणजे आपल्या बंदिशीसारख्या बांधलेल्या रचना, आणि साधारण पहिल्या तासानंतर मुख्य रचना, जिच्यात आधी विस्ताराने आलापना, मग कृती, एकाच ओळीची नाना तऱ्हांनी गुंफण म्हणजे निरवल आणि शेवटी कल्पनास्वर, म्हणजे आयत्या वेळी रचलेल्या सरगमी, येतात. राग ओळखण्यासाठी थोडी शिदोरी बरोबर न्यावी: मोहनम् म्हणजे आपला भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, आणि कल्याणीत यमनाचे स्वर. मात्र तिथला तोडी ऐकून गोंधळू नये. त्याचे स्वर आपल्या भैरवीचे आहेत.

ताल हाताने धरायला शिकलात तर निम्मी कचेरी हाती आली. आदि तालाच्या आठ मात्रा मांडीवर अशा मोजतात: एक टाळी, मग करंगळी, अनामिका आणि मधले बोट, नंतर टाळी आणि उलटा तळवा, पुन्हा टाळी आणि उलटा तळवा. शेजारच्या आजींचा हात पाहत राहावे, पाच मिनिटांत जमते. मला असेच जमले.

मुख्य रचनेच्या अखेरीस गायक थांबतो आणि मृदंगम्, घटम् (मातीचा घडा), खंजिरी या तालवाद्यांचे ‘तनी आवर्तनम्’ सुरू होते. याच क्षणी अनेक श्रोते उठून कॅन्टीनकडे चालू लागतात, आणि ही तिथली जुनी खोड आहे. आपण ती उचलू नये. आधी लांब आवर्तनांचे बोल आलटून-पालटून वाजतात, मग ते निम्मे होतात, पाव होतात, शेवटी सारे वादक एकत्र येऊन तिहाईसारखा ‘कोर्वै’ तीनदा वाजवतात आणि गायक नेमक्या जागी ओळ उचलतो. तबल्यावर प्रेम करणाऱ्याने हे सोडून वडा खायला जाणे मला पटत नाही, वडा कितीही चांगला असला तरी. ज्यांना उठायचेच आहे त्यांनी दोन रचनांच्या मध्ये उठावे.

तनीनंतरचा अर्धा तासही चुकवू नये. तेव्हा पदम्, जावळी, तिल्लाना अशा हलक्या रचना येतात आणि पुष्कळदा त्यांत अभंग असतो. तंजावरच्या मराठी कीर्तनपरंपरेतून साकी, दिंडी, अभंग हे प्रकार तमिळ हरिकथेत गेले आणि भजनसंप्रदायात रुजले. पुढे अरुणा साईराम, रंजनी-गायत्री यांसारख्या मुंबईत वाढलेल्या गायिकांनी कचेरीतला अभंग फार लोकप्रिय केला. विठ्ठलाचे नाव आले की ज्या सभागृहात आपल्याखेरीज क्वचितच कोणी मराठी बोलत असेल, ते सगळे सभागृह टाळ्यांनी ठेका धरते. पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी मला अभंगाचा अर्थ विचारला, आणि कचेरी संपल्यावर कॅन्टीनमध्ये कॉफी घेता घेता आम्ही तो ओळीओळीने लावला.

परतण्याच्या दिवशी सकाळचा एक तास कॉफीच्या पुडीसाठी राखावा. मैलापुरात बिया समोर भाजून-दळून देणारी दुकाने आहेत. चिकोरी किती हवी ते तिथे विचारतात. अजिबात नको असेल तर तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर शंभरात वीस भाग पुरे होते. मुंबईची गाडी गाठायची तर प्रवास जवळपास पूर्ण दिवसाचा आहे, म्हणून पूड दुहेरी पिशवीत बांधून घ्यावी. पितळी गाळणी माड वीथींतल्या भांड्यांच्या दुकानांत मिळते. ती घेताना वरच्या भांड्याची चाळण उजेडापुढे धरून छिद्रे बारीक आहेत ना, एवढे पाहावे.